पहिल्या यादीत नाव नाही. दुसरी लागेपर्यंत घरात काय ठरवायचं?

बार्शीहून एका आईने २०२५ च्या प्रवेशाच्या हंगामात विचारलेला हा प्रश्न, थोडक्यात: मुलीला नीटमध्ये पाचशेच्या जरा खाली गुण आहेत. प्रवर्ग खुला. राज्याच्या पहिल्या फेरीत फक्त सरकारी एमबीबीएस भरलं होतं, नाव लागलं नाही. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, गावाकडे साडेतीन एकर कोरडवाहू. रोज दोन-तीन एजंटांचे फोन येतात. दीर म्हणतात जॉर्जियाला पाठवा, शेजारी म्हणतात रिपीट करू द्या, मुलगी म्हणते दुसऱ्या राऊंडपर्यंत माझ्याशी या विषयावर बोलू नका. गौरी-गणपतीला गावी यायलाही ती तयार नाही. 'मॅडम, आम्ही नुसती वाट बघायची का? आणि किती?'

ताई,

किती वाट बघायची ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. ही वाट दोन आठवड्यांची नसते. राज्याची फेरी, दिल्लीच्या एमसीसीची (ऑल इंडिया कोट्याच्या, म्हणजे देशभरातल्या मुलांसाठीच्या जागा भरणाऱ्या केंद्राच्या समितीची) फेरी, पुन्हा राज्याची, मध्येच कुणी कोर्टात जातं, कुठल्या कॉलेजला मंजुरी येते, की तारखा सरकल्या. २०२४ आठवा. ४ जूनला निकाल, ६७ मुलांना ७२० पैकी ७२०, मग वाढीव गुणांचा गोंधळ, १,५६३ मुलांची २३ जूनला पुन्हा परीक्षा, सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेणार नाही हा सुप्रीम कोर्टाचा निर्णय २३ जुलैला, आणि सुधारित निकाल २६ जुलैला. प्रवेश सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. २०२१ ची परीक्षा तर १२ सप्टेंबरला झाली आणि ऑल इंडिया कोट्याची पहिली फेरी जानेवारी २०२२ मध्ये निघाली. तेव्हा ऑगस्टात घराला कुलूप लावल्यासारखं बसायचं ठरवलंत, तर ते कुलूप ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लागलेलं राहू शकतं.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं. त्यातले बरेच पावसाळे प्रवेशाच्या टेबलामागे कागद तपासण्यात गेले. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या मुलांचे फॉर्म बघून देते, फी घेत नाही. टेबलामागून मी जे सगळ्यात जास्त वेळा पाहिलं ते असं: यादी लागते, हजर व्हायला मोजके दिवस असतात, त्यात एक रविवार असतो, आणि शेवटच्या दिवशी चार वाजता एक कुटुंब येतं ज्यांनी अजून काहीच ठरवलेलं नसतं. एका वर्षी असेच वडील-मुलगा आले. जागा मिळाली होती, पण दूरच्या जिल्ह्यात. मुलगा वडिलांकडे बघतोय, वडील हातातल्या डीडीकडे. 'पाच मिनिटं द्या' म्हणून बाहेर गेले, पाण्याच्या कूलरपाशी उभे राहिले, मामाला फोन लावला, मामाने उचलला नाही. आत आले आणि 'नको' म्हणाले. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर मी कधीच बोलणार नाही. पण तो आठ मिनिटांत झाला, आणि जून ते ऑगस्ट हे घर 'वाट बघत' होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: यादी लागल्यावर काय करायचं ते यादी लागायच्या आधी कागदावर लिहा. तुम्ही, मुलीचे वडील आणि मुलगी, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर. कोणती जागा, कुठल्या गावात, किती फीपर्यंत 'हो'. कोणती जागा फुकट मिळाली तरी 'नाही'. मग तिन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे जुळत नाही तिथेच बोलायचं, बाकीवर वेळ घालवायचा नाही. मुलगी बोलायला तयार नाही म्हणता ना? लिहायला तयार होईल. या वयात तोंडापेक्षा पेन बरं चालतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की २०२४ मध्ये भाच्याला सहाशेच्या वर गुण असून सरकारी मिळालं नाही, मग हिला पाचशेच्या आत काय मिळणार. ही तुलना सोडून द्या. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी गुणांची रांग लागली होती. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राने सगळ्यांना लोळवलं आणि देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. शिवाय कोविडनंतर मिळणारे पर्यायी प्रश्न आणि जास्तीची वीस मिनिटं यंदा काढून टाकली; १८० प्रश्न, १८० मिनिटं. गुणांची दोन वर्षं शेजारी ठेवणं म्हणजे सोलापूरच्या तापमानाशी महाबळेश्वरचं मोजणं. रँक बघा. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश कक्षाच्या) मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या निवड याद्या मिळतात. खुल्या प्रवर्गात सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी कॉलेजात पहिल्या फेरीत शेवटची ऑल इंडिया रँक कोणती होती, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ती किती सरकली, हे वहीत उतरवा. मुलीकडून उतरवून घ्या, तिचा टेलिग्रामवरचा तेवढा वेळ सत्कारणी लागेल. मुलींसाठी ३० टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे, त्या ओळी वेगळ्या बघा.

फेरीगणिक रँक खाली का येते तेही समजून घ्या, म्हणजे अफवा ओळखता येतील. वरच्या क्रमांकाची मुलं एम्सला, सरकारी जागांपैकी ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांत, कुणी डीम्डला (विद्यापीठाचा दर्जा असलेल्या खासगी कॉलेजांत) जातात आणि राज्यातली जागा सोडतात. तेवढीच साखळी पुढे सरकते. 'दुसऱ्या फेरीनंतर ऑल इंडियाच्या उरलेल्या जागा राज्याला परत येतात, मग बघा कटऑफ कसा कोसळतो' असं कुणी सांगत असेल तर तो जुन्या काळात आहे. २०२१-२२ पासून एमसीसी स्वतःच चार फेऱ्या घेते, त्या जागा परत येत नाहीत. तसंच ७०:३० चं. मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. बार्शीची मुलगी लातूरच्या किंवा नागपूरच्या जागेसाठी तिथल्या मुलीइतकीच हक्कदार आहे. अजूनही मला दर वर्षी कुणीतरी विचारतं की 'आम्हाला मराठवाड्यात सत्तर टक्क्यांत धरतील ना'.

तुम्ही पहिल्या फेरीत फक्त सरकारी भरलंत. पहिल्या फेरीसाठी ठीक होतं. दुसऱ्या फेरीचा पसंतीक्रम भरताना मात्र नवी सरकारी कॉलेजं गाळू नका. ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. मिळून ९०० जागा. लोक नाक मुरडतात की इमारत नाही, वसतिगृह नाही, प्राध्यापक अपुरे. खरं आहे, काही ठिकाणी आहेच. पण जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात रुग्ण भरपूर असतात, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते आणि सरकारी फी खासगीच्या तुलनेत किरकोळ असते. काठावरच्या रँकला हिंगोली आणि गडचिरोली गाळायची चैन परवडत नाही. तिला तिथे पाठवायचं नसेल तर मात्र ते यादीत घालूच नका. पसंतीक्रमातली प्रत्येक ओळ म्हणजे 'मिळालं तर जाईन' असं तुम्ही दिलेलं वचन आहे.

आणि क्रम लावताना 'लागेल ते वर' असा हिशेब करू नका. संगणक गुणवत्तेने तुमच्यापर्यंत येतो आणि तुमच्या यादीतलं वरून पहिलं उपलब्ध कॉलेज देतो. हवं ते वर ठेवल्याने खालचं हातचं जात नाही.

एका शब्दापासून सावध करते: रिटेन्शन. राज्याच्या फेरीत जागा मिळाली, हजर झालात आणि पुढे अजून चांगल्याची आशा असेल तर 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरायचा नसतो. तो भरला की 'मला हीच जागा कायम हवी' असं सांगितल्यासारखं होतं आणि पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. न भरता प्रवेश घेतला तर जागा हातात राहते आणि पुढच्या फेरीत वरची मिळाली तर आपोआप बदलते. मात्र जुनी तेव्हाच सुटते, दोन्हींतून निवडता येत नाही. माझ्या माहितीतली एक मुलगी, पहिल्या फेरीत दंतवैद्यक लागलं. वडिलांना वाटलं रिटेन म्हणजे जागा राखून ठेवणं, सुरक्षित करणं. टेबलावरच्या माणसाने कागद पुढे केला, त्यांनी सही केली. दुसऱ्या फेरीत तिच्या मागच्या क्रमांकाच्या मुलीला खासगी एमबीबीएस लागलं. शब्दकोशात बघाल तर वडिलांचा अर्थ चूक नव्हता.

एमसीसीचे नियम वेगळे. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नको असेल तर सोडून द्या, काही होत नाही. दुसऱ्या फेरीत सोडलीत तर अनामत जाते: ऑल इंडियासाठी खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये, डीम्डसाठी २ लाख. तिसऱ्या फेरीत मिळून गेला नाहीत तर अनामत जाते आणि पुढच्या फेऱ्यांतूनही बाद. शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली नाकारलीत तर एक वर्ष नीटलाच बसता येत नाही. म्हणजे रिपीटचा विचार असेल तर स्ट्रे फेरीत 'लागलं तर बघू' म्हणून एकही नाव टाकायचं नाही. राज्य आणि दिल्ली एकमेकांना हजर झालेल्यांच्या याद्या देतात, दोन्हीकडे पाय ठेवता येत नाहीत. गोव्याचं विचारलंय तुम्ही: बांबोळीच्या कॉलेजात महाराष्ट्रातल्या मुलीला याच १५ टक्क्यांतून वाट आहे, गोव्याच्या राज्य कोट्यातून नाही.

आता पैसे. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल.

खासगी कॉलेजाच्या ८५ टक्के जागा राज्याच्या फेरीतून भरतात आणि फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती प्रत्येक कॉलेजाची वेगळी असते आणि जाहीर असते. समजा वर्षाला ९ लाख. एमबीबीएस साडेचार वर्षं, म्हणजे साडेचाळीस लाख. राहणं-जेवणं इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. वर्षाला दीड लाख धरलं तर सव्वाआठ लाख. म्हणजे पन्नास लाखांच्या जवळ, आणि हे पदव्युत्तरच्या आधीचं. उरलेल्या १५ टक्के इन्स्टिट्यूशनल (संस्थेच्या वाट्याच्या) कोट्याची फी याच्या कित्येक पट असते. डीम्डमध्ये बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. हे आकडे जेवणाच्या ताटावर मुलीसमोर बोला. अठरा वर्षांच्या मुलीपासून घराचा हिशेब लपवून ठेवायचा आणि मग तिने समजूतदार निर्णय घ्यावा अशी अपेक्षा करायची, याला काय अर्थ?

कर्जाचा विचार असेल तर या आठवड्यात बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, पुढे लागतं. आणि तुमची साडेतीन एकर तिथे उपयोगी पडेलच असं धरू नका; शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूश असतात, कारण कर्ज थकलं तर ती जप्त करून विकणं कायद्याने अवघड आहे. बार्शीतलं घर कुणाच्या नावावर आहे, सिटी सर्व्हेचा उतारा आहे का, सासऱ्यांच्या नंतर वारसांची नावं लागली का, यातच तीन आठवडे जातात. प्रवेशाचं पत्र हाती नसताना बँक मंजुरी देणार नाही, पण कागद बघून 'हे चालेल, हे नाही' एवढं व्यवस्थापक सांगू शकतो. ते आत्ता कळलेलं बरं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्याच्या फेरीतून मिळालेल्या प्रवेशावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमच्याकडे पगार किती बसतो ते फॉर्म सोळावरून तपासा.

एजंटांबद्दल मी एकच परिच्छेद खर्च करणार. इन्स्टिट्यूशनल कोट्यातल्या जागाही नीटच्या गुणवत्तेनेच भरायच्या असतात. 'टोकन देऊन सीट ब्लॉक करा' असं म्हणणारा माणूस तुमचेच पैसे घेऊन तुमच्या मुलीच्या रँकवर जुगार खेळतो; लागलं तर 'मी करून दिलं', नाही लागलं तर फोन बंद. फोन उचलू नका. उचललाच तर मुलीचा नीटचा अर्ज क्रमांक, पासवर्ड, ओटीपी यातलं काही देऊ नका. एजंटाने परस्पर ज्यांचा पसंतीक्रम बदलून ठेवला अशा मुली मी पाहिल्यात.

दुसरा दरवाजा उघडा ठेवायचा तो कसा, हे बहुतेक लोक विसरतात. सीईटी सेलच्या त्याच नोंदणीत बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी वगैरे गट आहेत, पण पशुवैद्यकीयचा अर्ज तिथे नाही. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र, नीटच्याच गुणांवर. दर वर्षी कितीतरी मुलं एमबीबीएसच्या यादीकडे डोळे लावून बसतात आणि ही तारीख निघून जाते. तुम्ही भरलाय का, याचा उल्लेख पत्रात नाही. भरला नसेल आणि मुदत असेल तर पत्र वाचणं थांबवा आणि आधी ते करा. शिरवळ, उदगीर, परभणी, मुंबई, नागपूर ही कॉलेजं आहेत. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, सरकारी फी, आणि सोलापूर जिल्ह्यात दुभत्या जनावरांचा डॉक्टर रिकामा बसलेला मी तरी पाहिला नाही. याला 'जनावरांचा डॉक्टर' म्हणून हसणाऱ्या पाहुण्यांना त्याची महिन्याची कमाई विचारू द्या.

बीएएमएसबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. आयुर्वेद शिकायचा असेल तर जरूर घ्या. 'मागच्या दाराने डॉक्टर' होण्यासाठी घेतलेल्या बीएएमएसची मुलं पाच वर्षं स्वतःवर चिडलेली असतात. तिच्या कागदावर तिने काय लिहिलंय ते बघून ठरवा, पाहुण्यांच्या नाही.

आणि तोवर तिला बार्शीतच एखाद्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसवा, जागा शिल्लक असेल तर. फी कमी, सकाळी घराबाहेर पडायला कारण मिळतं. प्रवेश घेताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा होतो, तेव्हा क्लार्कला विचारून ठेवा की दाखला परत मिळायला किती दिवस लागतात. यूजीसीच्या नियमाने कॉलेजने मूळ कागद अडकवून ठेवायचे नसतात. पण क्लार्क रजेवर असतो, हेडक्लार्क सोलापूरला मीटिंगला गेलेला असतो, आणि तुमच्याकडे दोनच दिवस असतात. सगळ्या मूळ कागदांची एक फाईल, प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती, स्कॅन केलेल्या प्रती मोबाईलमध्ये. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नंतर असं असेल, किंवा आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. टेबलामागे बसून मी या एका कारणाने रडणारी माणसं पाहिलीत आणि त्यांच्यासाठी थांबलेय पण.

जॉर्जिया. दीरांना माझा निरोप सांगा: नोव्हेंबर २०२१ चे नियम वाचा. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता हवी, मग भारतात येऊन ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा पास व्हायची आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. यातली एक जरी अट विद्यापीठ पाळत नसेल तर पदवी भिंतीवर लावायच्या कामाची. काही मुलं हे सगळं पार करून आलीत आणि उत्तम डॉक्टर आहेत. पण हा निर्णय ऑगस्टच्या शेवटी, घाईत, विमानाचं तिकीट 'पॅकेज'मध्ये आहे म्हणून घ्यायचा नाही. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो, तेव्हा यंदाच निघायला हवं असंही नाही.

आता रिपीट. घरातला सगळ्यात मोठा वाद इथेच होणार. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. म्हणूनच तुम्हाला स्वतःची मर्यादा घालावी लागते. एक प्रयत्न जास्तीचा मी समजू शकते. काठावर राहिलेली मुलगी असेल, चूक नेमकी कुठे झाली हे तिला सांगता येत असेल, तर हो. तिला विचारा: 'कुठल्या विषयात किती गुण कुठल्या कारणाने गेले?' ती 'फिजिक्समध्ये वेळ पुरला नाही, शेवटचे अकरा प्रश्न बघितलेच नाहीत' असं काही म्हणाली तर त्याच्यावर वर्ष लावता येतं. 'पेपरच अवघड होता' म्हणाली तर नाही. पेपर सगळ्यांनाच अवघड होता, म्हणून तर रँक बघायला सांगितली.

रिपीटचं ठरवायला तिसऱ्या फेरीची वाट बघू नका. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते. सप्टेंबरपासून धरलं तर जेमतेम पस्तीस आठवडे. नोव्हेंबरपासून धरलं तर पंचवीसच्या आसपास. म्हणून आजपासून रोज दोन तास, फक्त दोन, भौतिकशास्त्राचे प्रश्न सोडवणं चालू ठेवायचं. जागा मिळाली तर ते वाया गेलं असं समजायचं, मिळाली नाही तर हात गंजलेला नसेल. क्लासची वर्षभराची फी मात्र आत्ता भरायची नाही. लातूरला खोली बघून ठेवायलाही घाई करू नका.

बाकीचा दिवस काय करायचा? मी शिकवत होते तेव्हा उशिरा आलेली मुलं लगेच ओळखू यायची. विच्छेदन कक्षात टेबलाच्या मागच्या रांगेत उभी राहायची. तोवर पहिल्या फेरीच्या मुलांची काख, छाती, हाताच्या नसांचं जाळं सगळं उलगडून झालेलं असायचं, त्यांना फॉर्मालिनचा वास येईनासा झालेला असायचा, आणि ही नवी मुलं डोळे चोळत त्या लॅटिन नावांकडे बघायची. उपस्थिती थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० लागते, आणि पहिलं वर्ष पास व्हायला चारच प्रयत्न. तरी मी कुणालाही प्रवेशाआधी ॲनाटॉमीचं जाड पुस्तक आणायला सांगत नाही. ज्यांनी आणलं त्यांनी पहिली चाळीस पानं आखून ठेवली आणि पुस्तक कपाटात गेलं. उशिरा येऊनही जी मुलं टिकली ती वेगळी असायची: रात्री झोपणारी, सकाळी उठणारी, स्वतःचे कपडे धुणारी, मेसचं जेवण नाही आवडलं तर वरण-भात करून घेणारी, इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचताना न अडखळणारी. तुमची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात असेल तर रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचायला लावा, काहीही, वर्तमानपत्र चालेल. कुकर लावायला शिकवा. बँकेत एकटीला पाठवा.

आणि जमलं तर आठवड्यातून एक सकाळ तुमच्या गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. काही करायचं नाही, आशाताईंबरोबर बसायचं, लसीकरणाच्या दिवशी रडणाऱ्या बाळांच्या आया बघायच्या, केस पेपरची रांग बघायची. माझ्या ओळखीची एक मुलगी अशी दोन महिने गेली आणि तिसऱ्या फेरीआधी आईला म्हणाली, मला हे नाही करायचं. आज ती मृदा परीक्षण प्रयोगशाळेत आहे. आई दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, आता हळदी-कुंकवाला बोलावते.

गौरीला गावी यायचं नाही म्हणते, कारण लोक विचारतील. विचारणारच. तिला घेऊन जा, पण जायच्या आदल्या रात्री दोघींनी मिळून उत्तराचं एकच वाक्य ठरवा, म्हणजे तिला वेगळं आणि तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही. 'सरकारीसाठी दुसऱ्या फेरीची वाट बघतोय, शिरवळलाही फॉर्म भरलाय, तोवर बीएस्सीला जाते.' एवढं म्हटलं की पाहुणे पुढचा प्रश्न विचारतात तो शिरवळला वसतिगृह आहे का, असा असतो. आणि यादी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी साइट तिला उघडू द्या. तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा.